गाळलेली ओळ

साळवे मामांनी तोंड घट्ट मिटलं आणि मान भिंतीकडे वळवली.

"मामा, हा नुसता व्यायाम आहे. अर्थाकडे लक्ष देऊ नका," मी म्हणाले. इतक्या वर्षांच्या कामात याहून बिनडोक वाक्य मी बोलले नसेन.

मी स्पीच थेरपिस्ट. शिरूरहून आठवड्यातून दोनदा दौंडच्या दवाखान्यात जाते. मामा रिटायर्ड रेल्वे गार्ड. स्ट्रोकमध्ये उजवा हात गेला आणि बोलणंही. समजायचं सगळं, पण तहान लागली तरी 'पाणी' म्हणता येईना. अशा पेशंटला पाठ असलेलं मात्र कधीकधी म्हणता येतं. वार, पाढे, आरती. आम्ही त्याला ऑटोमॅटिक स्पीच म्हणतो. त्यावरून हळूहळू स्वतःच्या शब्दांकडे आणायचं. मामा चर्चमध्ये वर्षानुवर्षं प्रभूची प्रार्थना सांगायचे, म्हणून त्यांच्या पत्नीकडून, मार्थाबाईंकडून मी ती वहीत लिहून घेतली होती आणि त्या दिवशी मामांना तीच म्हणायला सांगितली होती. मी ख्रिस्ती नाही, मला ती येत नव्हती.

बाहेर आल्यावर मार्थाबाई म्हणाल्या, "मॅडम, गेल्या साली आमची लेक गेली. तवापास्नं त्यांनी प्रार्थना सोडली. दर रविवारी चर्चला जायाचे, बाकावर बसायचे, पर तोंड न्हाई उघडायचे."

"मग जायचे कशाला?"

"म्या बी इचारलं. म्हनले, जायाचं सोडलं तर भांडू कुनाशी?"

मी वही ड्रॉवरमध्ये टाकली आणि स्टेशनं घेतली. दौंड, काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी. मामा थेट नगरपर्यंत गेले. पण मध्येच थांबवून "बेलवंडीनंतर काय?" विचारलं की गाडी अडायची. पुन्हा दौंडपासून सुरुवात. ऑटोमॅटिक स्पीचचं असंच असतं. मधलं गाळून पुढचं पकडता येत नाही.

दोन महिने गेले. स्टेशनं आली, वार आले, स्वतःचा एक शब्द नाही. सुरुवातीचे महिनेच महत्त्वाचे असतात आणि ते सरत चालले होते. मी मार्थाबाईंना म्हणाले, "आता आठवड्यातून एकदाच आणा."

मामांनी ते ऐकलं. डाव्या हाताने ड्रॉवर दाखवला. मी वही काढली. त्यांनी ती उघडलीच नाही, मांडीवर ठेवली आणि सुरुवात केली.

दोन ओळी अडखळत आल्या. पुढची ओळ देवाच्या इच्छेप्रमाणे होवो, अशा अर्थाची. तिथे ते थांबले. मी सवयीने ओळ सुचवायला गेले. त्यांनी हात वर केला.

"न्हाई."

मग त्यापुढचं, भाकरीचं मागणं त्यांनी बरोबर उचललं आणि आमेनपर्यंत नेलं.

मार्थाबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "मधली ओळ गाळली की वो त्यांनी!"

"गाळली म्हणूनच," मी म्हणाले. पाठांतरातून ओळ गाळता येत नाही. ज्याला शब्द निवडता येतो, त्यालाच येते. मामा म्हणत नव्हते, बोलत होते. मला मनापासून आनंद झाला, आणि माझ्या त्या जुन्या वाक्याची लाज वाटली.

मार्थाबाई त्यांच्यापुढे वाकल्या. "आन् ती ओळ कवा म्हननार?"

मामा बराच वेळ शब्द शोधत राहिले. मी सुचवलं नाही.

"बघू," ते म्हणाले.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं: स्वतःचे शब्द, दोन. सेशन आठवड्यातून दोनदाच चालू ठेवावे. अर्थाकडे लक्ष देऊ नका, असं त्यानंतर मी कुठल्याही पेशंटला सांगितलेलं नाही.