मैनुद्दीननं पुन्हा गाडी खोलली

"परत खोललीस?" मी शेडच्या दारातूनच ओरडलो.

मैनुद्दीननं मान वर केली नाही. फियाटच्या पोटात डोकं घालून तो काहीतरी खरवडत होता. पुढच्या दोन्ही सीटा बाहेर काढून भिंतीला टेकवलेल्या. परवा संध्याकाळी मी निघालो तेव्हा गाडी तयार होती. तयार म्हणजे तयार. पेट्रोल टाका आणि निघा.

"फ्लोअरला गंज दिसला," तो आतूनच म्हणाला.

"परवा नव्हता?"

"गंज काय सांगून येतो?"

आता या माणसाला काय म्हणायचं! ही तिसरी वेळ. पहिल्यांदा दार काढलं, का तर फट वरून बारीक आणि खालून मोठी. दुसऱ्यांदा वाळलेला रंग घासून काढला, का तर उन्हात पत्र्याला लहर दिसते. आणि आता गंज. फ्लोअर मी स्वतः खालून आडवा पडून पाहिला होता. गंज कसला, डाग नव्हता तिथे. मी तसं तोंडावर सांगितलं. शिव्याही घातल्या. त्यानं ऐकून घेतल्या आणि परत खरवडायला लागला.

या माणसाबरोबर मी अख्खा जन्म काढलाय, म्हणून सांगायचा हक्क मला आहे. मैनुद्दीन डेंटर. गाडी ठोकली की पत्रा सरळ करणारा. त्याचे वडील मार्केट यार्डाजवळ पत्र्याचे डबे आणि मापं बनवायचे, त्यामुळे ठोकाठोकीचा आवाज याला बाळकडूतच मिळाला. मी परभणीकडून पुण्यात आलो, एका गॅरेजात मेकॅनिक म्हणून लागलो, तर शेजारच्या कोपऱ्यात हा हातोडी घेऊन बसलेला. माझी मराठी ऐकून पहिल्याच दिवशी म्हणाला, "तुझी इंजिनं तुझ्यासारखं बोलत नाहीत ना? मग चालेल." तेव्हापासून इंजिन माझं, पत्रा त्याचा.

पत्रा सरळ झाला की नाही हे तो डोळे मिटून तळव्यानं बघतो. चमक डोळ्यांना फसवते, हाताला नाही, असं त्याचं म्हणणं. बरं, ही सवय गॅरेजापुरती ठेवावी की नाही? आमच्याकडे आला की फ्रिजच्या दारावरून हात फिरवणार. पुतण्याच्या, फैझलच्या लग्नात नवरदेव गाडीत बसायला आला, तर हा शेरवानीत मडगार्डखाली आडवा! सितारा भाभी कपाळाला हात लावून उभ्या होत्या. निकाह बाजूला आणि याचा पोचा आधी. स्वस्थ बसणं या माणसाच्या नशिबात नाही, आणि तो दुसऱ्यालाही बसू देत नाही.

एक गोष्ट मात्र भल्याभल्यांना खरी वाटत नाही. मैनुद्दीनला गाडी चालवता येत नाही. उभ्या आयुष्यात त्यानं स्टेअरिंग धरलं नाही. बसनं फिरेल, रिक्षात मधोमध दांडा धरून बसेल, पण चालवणार नाही. लोक हसायचे. मी कधी हसलो नाही, कारण त्याच्याकडे येणाऱ्या गाड्या मी पाहिल्या होत्या. चेपलेल्या गाडीत काय काय सापडायचं. बांगडीची काच, लहान मुलाची एक चप्पल. पत्र्याला हात लावायच्या आधी ते सगळं तो वेचायचा, फडक्यात बांधायचा आणि गाडी न्यायला येईल त्याच्या हातात मुकाट्यानं द्यायचा. त्या दिवशी तो जेवायचा नाही.

तर असा हा माणूस. गॅरेज बंद झालं, दोघंही घरी बसलो. म्हणजे मी बसलो, तो धायरीच्या घरामागे पत्र्याची शेड ठोकून शेजाऱ्यांच्या टाक्या आणि कपाटं सरळ करत राहिला. एकदा त्याच्या मुलीनं, अफशीननं, फोनवर परदेशातले फोटो दाखवले. कापलेल्या छपरांच्या जुन्या मोटारी, उघडी इंजिनं. "अब्बा, याला हॉट रॉड म्हणतात. तिकडे लोक घरच्या गॅरेजमध्ये बिल्ड करतात, इट्स लाइक अ हॉबी." मैनू म्हणाला, "तिकडे लोकांना उद्योग नसतील." आणि दुसऱ्याच दिवशी भंगारातून फियाट उचलून आणली.

कापली आम्ही ती. छप्पर उतरवलं, पुढचे मडगार्ड काढले, बॉनेटला रजा दिली. काँटेसा गाडीचं एक जुनं इंजिन मी खोलून, धुऊन, नवं करून त्यात बसवलं. फियाटच्या नाकात ते मावेना, तर मैनूनं नाकच लांब केलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा शेडचे पत्रे थरथरले. भाभी पोळपाट तसाच टाकून पळत आल्या. मी चांगला नाचलो, लाज कसली त्यात! ही गाडी रस्त्यावर काढता येणार नव्हती, एवढं कापल्यावर तिला कागद कोण देणार? पण एकदा, मोकळ्या जागेत, ती मीच चालवणार, हे ठरलेलं होतं.

आणि मला घाई होती. घाईचं कारण मी मैनूला सांगितलं नव्हतं.

मला काचबिंदू झालाय. समोरचं अजून दिसतं, पण दोन्ही बाजूंनी कुणी पडदे ओढत आणावेत तशी नजर आवळत चाललीय. डावीकडची तर बरीचशी गेलीच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलेलं परत येत नाही, थेंब घातलेत तर उरलेलं टिकेल, किती ते सांगता येत नाही. आणि ड्रायव्हिंग बंद. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी ज्यानं स्वतः चालवून बघितली त्याला हे सांगायचं! मी घरी येऊन स्कूटर विकली. मैनूला म्हटलं, पेट्रोल परवडत नाही. खरं सांगितलं असतं तर त्यानं गाडीची किल्ली गिळली असती, पण मला दिली नसती. तो असाच आहे. म्हणून मी गप्प राहिलो आणि मनात म्हणत राहिलो, लवकर कर रे बाबा, माझे डोळे असेपर्यंत कर. आणि हा गंज शोधतोय!

त्या दिवशी निघताना तो म्हणाला, "थोडे दिवस येऊ नकोस. वेल्डिंग आहे. उजेड डोळ्यांना चांगला नाही."

"जन्मभर वेल्डिंगशेजारी उभा राहिलो तेव्हा चांगला होता का?"

"तेव्हा तू तरुण होतास," असं म्हणून त्यानं गाडीवर ताडपत्री ओढली. माझ्यापासून झाकून ठेवली गाडी! माझंच इंजिन!

घरी जीव थाऱ्यावर राहीना. खिडकीशी जायचं, परत यायचं, पेपर उघडायचा, मिटायचा. "पाय भाजलेल्या मांजरासारखे काय फिरताय घरभर? बसा की जरा," आमच्या यमुनाबाई म्हणाल्या. बसलो, तर डाव्या हाताचा पाण्याचा तांब्या कोपर लागून खाली. तिनं काही न बोलता पुसलं. तेच मला जास्त लागलं. मी रोज सकाळी उठून एक डोळा झाकायचो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडा शोधायचो. कालच्यापेक्षा आज कमी दिसतंय, असं रोज वाटायचं. खरं असेल, नसेलही. भीतीला काय, तिला पुरावा लागत नाही.

शेवटी भाभींना फोन लावला. "काय करतोय तो?"

"मला विचारू नका, रंगनाथभाऊ. रोज सकाळी उठून कुठेतरी जातात. विचारलं तर म्हणतात, फिरायला. या माणसानं कधी फिरायला म्हणून पाय उचललाय का? दुपारी आले की शेड लावून ठोकाठोक."

माझं डोकंच सणकलं. म्हणजे साहेबांनी बाहेर दुसरं काम धरलंय! कुणा पैसेवाल्याची गाडी असणार. आणि आमची पडलीय ताडपत्रीखाली. यमुना थेंबांची बाटली घेऊन मागे आली, पण मी तसाच चपला घालून रिक्षात बसलो. सिंहगड रोडवर नेहमीप्रमाणे सगळं तुंबलेलं. रिक्षावाला म्हणाला, "काका, उतरून चाललात तर लवकर पोचाल." त्यालाही दोन शब्द ऐकवले.

शेडचं दार ढकललं. मैनू ताडपत्रीच्या कडेला उकिडवा बसून चहा पीत होता.

"दुसरी गाडी धरलीस ना?" मी सुरूच केलं. "कर. खुशाल कर. पण मला स्पष्ट सांग, की रंगा, तुझी गाडी होणार नाही. दार काढ, रंग काढ, फ्लोअर काढ! तुझ्या हाताला चैन नाही म्हणून मी थांबायचं? माझ्याकडे वेळ नाहीये, मैनू! डोळे चाललेत माझे!"

बोलून गेलो.

मैनूनं कप खाली ठेवला. "माहीत आहे," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं? यमुनेनं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? डावीकडे ठेवलेला पाना तू उचलत नाहीस, चाचपतोस. गेल्या दिवाळीपासून पान्यांची पेटी तुझ्या पुढ्यात कोण ठेवतं? जिन्न येऊन ठेवतो?"

खरं होतं. पेटी समोर असायची. मला वाटायचं, म्हातारा लाडात आलाय.

"म्हणून खोलत होतास? मी चालवू नये म्हणून?"

"दार आणि रंग त्यासाठीच," तो म्हणाला. लपवलं नाही त्यानं. "गाडी झाली की तू बसणार, आणि तुला नको म्हणायची माझी छाती नाही. मला वाटलं, लांबवत राहू. मग वाटलं, हे हरामीपण आहे. तू वाट बघत बघत आंधळा होशील आणि मी हातोडी घेऊन बसेन." त्यानं उठून ताडपत्री ओढली. "आत बघ. डावीकडे. मान वळवून बघ."

मी मान वळवून पाहिलं. डाव्या सीटपुढे, जिथे नुसता पत्रा असायला हवा, तिथे दोन पेडलं होती. क्लच आणि ब्रेक. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरच्या पायाशी असतात तशी.

"शाहिदच्या जुन्या गाडीतली," मैनू म्हणाला. शाहिद त्याचा भाचा, ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. "रोज सकाळी त्याच्याच गाडीत मागे बसतो. त्याचे पाय बघतो. समोरच्याला न घाबरवता ब्रेक कसा दाबायचा, ते शिकतोय."

"म्हणजे मी शिकाऊ?" मला रागच आला, खरं सांगतो.

"शिकाऊ मी आहे," मैनू म्हणाला. "आजवर गाडीच्या पुढच्या सीटवर मनानं कधी बसलोय का मी?"

मी त्याच्या उष्ट्या कपातला चहा पिऊन टाकला.

गाडी टेंपोवर चढवून नेली. धायरीच्या मागच्या अंगाला एकानं प्लॉटिंग केलंय. डांबरी रस्ता तयार, दिव्याचे खांब तयार, घर एकही नाही. तिथला राखणदार सुखदेव आमच्या गाडीभोवती फिरला. "छप्पर कुठं हाय हिचं? आन् तोंडावरचं झाकण?" मैनू म्हणाला, "उकडत होतं तिला." सुखदेवनं हसत फाटक लावून घेतलं, आतबाहेर कुणाला सोडणार नाही म्हणाला.

मी उजवीकडे बसलो, तो डावीकडे. इंजिन पहिल्या फटक्यात चालू झालं. फर्स्ट टाकला, क्लच सोडला. गाडी गुरगुरली आणि बैलगाडीच्या चालीनं सरकली. सेकंड टाकला. तेच. जळका वास सुटला.

"पाय काढ ब्रेकवरून!"

"ठेवलेला नाही."

"मैनू, मी मेकॅनिक आहे!"

"थोडासाच ठेवलाय. डावीकडे खांब."

"दिसला."

"खोटं बोलू नकोस."

"बरं, नाही दिसला. आता काढ पाय."

नाही काढला त्यानं. एका हातानं दार घट्ट धरलेलं, कपाळावरून घाम, आणि तोंडानं अखंड चालू, खांब, दगड, गेला, पुन्हा खांब. जगातली सगळ्यात संथ हॉट रॉड आम्ही चालवली असेल. मी चिडलो, मग हसू आलं, मग दोन्ही गेलं. पुढे रस्ता सरळ होता, थेट टेकडीपर्यंत. माझ्या नजरेत उरलेल्या जागेत तो नीट मावत होता.

"हे सरळ दिसतंय मला," मी म्हटलं. "आईशपथ दिसतंय, मैनू."

त्याचा पाय वर आला. मी बघितलं नाही, गाडीनं सांगितलं. ती एकदम हलकी झाली आणि मी अॅक्सिलरेटर दाबला. काय पळाली! वारा तोंडावर आपटत होता, इंजिन माझ्या हाताखाली गात होतं आणि मी रडत होतो. वाऱ्यानं पाणी आलं असं सांगता आलं असतं, पण कशाला? रडलो. शेजारी मैनू डोळे सताड उघडे ठेवून बसला होता, पाय वर धरून, आणि माझ्यासाठी डावीकडचं सगळं ओरडून सांगत होता.

टेकडीच्या अलीकडे मी आपणहून ब्रेक लावला. गाडी थांबली.

"मी दाबणारच होतो," तो म्हणाला.

मी बराच वेळ स्टेअरिंग धरून बसलो. मग उतरलो, गाडीला हात लावत डावीकडे गेलो आणि त्याचं दार उघडलं. "सरक तिकडे."

"कशाला?"

"गाडी परत न्यायची ना? मी नाही चालवणार आता. झालं माझं."

"रंगा, मला येत नाही. आणि तुला दिसत नाही."

"समोरचं दिसतं. बाजूचं तू बघ. आणि हिकडे ब्रेक आहे, तूच बसवलायस."

तो पुटपुटत, अल्लाहचं नाव घेत उजवीकडे सरकला. त्यानं स्टेअरिंगवरून आधी तळवा फिरवला, पोचा शोधल्यासारखा, मग दोन्ही हातांनी ते धरलं. मी डावीकडे बसलो, दोन्ही पाय पेडलांवर ठेवले आणि म्हटलं, "हं. फर्स्ट टाक."