दोघांचीही चांगुणाबाई

नवी मुंबईत, दिघ्यातल्या आमच्या बिल्डिंगवर दोन वेगवेगळ्या सरकारी कार्यालयांच्या नोटिसा एकाच आठवड्यात लागल्या. दोन्हींवर एकच मजकूर: ही जागा आमची आहे, बांधकाम अनधिकृत आहे, खोल्या रिकाम्या करा. सगळ्यांचं धाबं दणाणलं. चांगुणाबाईंनी मात्र पेढे वाटले.

चांगुणाबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या सुगतची आई. सुगत रबाळ्याला एका कंपनीत फिटर. होतं नव्हतं ते घालून त्याने इथे खोली घेतली आणि आईला डोंगरावरून उतरवून आणलं. खोली देणारा बिल्डर नोटिसा लागेपर्यंत पसार झालेला होता.

बाईंचं गाव पळसगुडा. महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या मधल्या डोंगरात. दोन्ही राज्यं म्हणणार, गाव आमचं. त्यामुळे गावाला सरपंच दोन, रेशनची दुकानं दोन, शाळा दोन. सुगत लहानपणी सकाळी मराठी शाळेत खिचडी खायचा आणि दुपारी तेलुगू शाळेत सांबार-भात. गणित दोन्हीकडे कच्चंच राहिलं. हातपंपही दोन होते आणि दोन्ही कोरडे. डॉक्टर तेवढा एकही नव्हता, कारण तो दुसऱ्याने द्यायचा होता.

बाईंच्या नवऱ्याने, मारोतीने, त्या उतारावरचे दगड वेचून ज्वारी-तुरीपुरती जमीन केली. ती त्याच्या नावावर कोणीच करून दिली नाही. पण त्याला हुसकावलंही नाही कोणी. हुसकावलेला माणूस उद्या पलीकडच्याला जाऊन मिळाला, तर गाव आपलं म्हणायचं कशाच्या जोरावर? बाई हे सगळं असं सांगायच्या, की आपल्याही घरावर दोन राज्यांनी भांडावं असं वाटायचं.

गच्चीवर मीटिंग भरली. आमचे सेक्रेटरी नंदकिशोर पेढा बघूनच भडकले. "आजी, पेढे कसले वाटताय? रस्त्यावर आणतील आपल्याला!"

"कामून आनतील? दोघंबी आमचं म्हनत हायती की. आता बघा, नळबी दोन येतील."

लोक हसले. मग हळूहळू हसायचे थांबले, कारण दुसरं काही सुचत कोणालाच नव्हतं. मी आणखी एक पेढा घेतला. सुगत वकिलाकडे खेटे घालत राहिला आणि बाई निर्धास्तपणे गच्चीवर मिरच्या वाळवत राहिल्या.

शेवटी दोन्ही कार्यालयांचं जमलं. जागा कोणाची ते कोर्ट ठरवेल, तोवर मोकळी तर करून ठेवू, एवढ्यावर त्यांचं एकमत झालं. ठरल्या दिवशी गेटवर दोन जेसीबी उभे राहिले, दोघांचा एकेक. साहेबही दोन. टपरीवर चहाचे पैसे मी देतो, मी देतो असा त्यांचा आग्रह चालला होता. आम्ही गाद्या आणि सिलेंडर खाली आणत होतो.

बाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "जय भीम, साहेब. जागा तुमची म्हनता. मंग आमी कुनाचे?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. एक जण अगदी सौजन्याने म्हणाला, "आजी, माणसांचं आमच्याकडे नाही. आमच्याकडे फक्त जागेचं."

त्याने निदान खेकसायला तरी हवं होतं. त्या सौजन्याचा मला अजून संताप येतो.

 पळसगुड्याला 'आमचं' म्हणताना त्यात माणसंही धरायचे, इथे धरत नाहीत, हे बाईंना तेव्हा कळलं असावं. तिसऱ्या मजल्याची भिंत खाली आली, तसा सुगत फुटपाथवर बसून हुंदके देऊ लागला. बाईंनी मिरच्यांचं गाठोडं काखेत मारलं.

"ऊठ लेका. गावाला जाऊ."

"काय हाय तितं, माय?"

"भांडन हाय अजून," बाई म्हणाल्या. "ते मिटायच्या आत पोचू."