वसुमती अक्कांचे बारा गठ्ठे

वसुमती अक्कांना कुणालाही नाही म्हणता येत नसे. बंगळुरातल्या एका संशोधन संस्थेत त्या पंचकार्डं, म्हणजे यंत्राला सूचना देणारी भोकांची कार्डं, पाडायच्या. १९६७ साली तिथे संगणक आला. सगळ्यांना लागणारे छोटे प्रोग्रॅम कार्डांच्या गठ्ठ्यांत कपाटात राहत, आणि किल्ली अक्कांच्या पदराला. गठ्ठा बाहेर न्यायचा नाही, असा नियम. पण कुणी ‘अक्का, स्वल्प मदत करा’ म्हणत दारात उभं राहिलं, की अक्का विरघळल्याच. तक्ता छापणाऱ्या प्रोग्रॅमच्या त्यांनी गुपचूप बारा नकला वाटल्या. वर प्रत्येकीवर आपल्या वळणदार अक्षरात नेणाऱ्याचं नाव घातलं! आता काय म्हणावं?

सोमवारी साहेब आले. सुधींद्र, तेही अक्कांसारखेच इथल्या जुन्या मराठी घरातले. म्हणाले, “अक्का, या प्रोग्रॅमात खोट आहे. तक्ता शंभर ओळींचा असला आणि कुणी दोनशे मागितल्या, तर हा थांबत नाही. आधीच्या माणसाचं यंत्रात उरलेलं काम छापून देतो. गुरुवारी भरतीच्या परीक्षेचे गुण यंत्रावर लावायचेत, ते कुणाच्या हाती लागायला नकोत. ही तीन कार्डं गठ्ठ्यात घाला. जास्त ओळी मागितल्या, की काम तिथंच बंद पडेल.”

“सरी, घालते,” अक्का म्हणाल्या.

कपाटातला गठ्ठा दुरुस्त झाला. बाहेरचे बारा तसेच. खरं सांगावं तर नोकरी जाणार, आणि नवरा गुंडो अंथरुणाला खिळलेला. दोन दिवस अक्का टेबलाटेबलाशी फिरल्या. ‘एक कार्ड फाटलंय, बदलून देते’ असं खोटं सांगत त्यांनी तीन-तीन कार्डं घातली. साहेबांची पावलं वाजली, की हातातला गठ्ठा पदराआड करत. अकरा झाले.

बारावा संस्थेतल्याच रघुपतीनं नेलेला. तो हसला. “तो कुणीतरी नेला, अक्का. कोण ते आठवत नाही. पुढे त्याच्याही नकला निघाल्या असतील.”

आता कुठल्या गठ्ठ्याच्या मागे धावणार?

बुधवारी संध्याकाळी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं. सुधींद्रांनी हुकूम लिहायला घेतला: यापुढे प्रत्येक कामानंतर यंत्राची स्मृती पूर्ण पुसायची, मगच दुसरं काम लावायचं.

“गुण सुरक्षित. कुणी जुना गठ्ठा लावला, तरी त्याला काही सापडायचं नाही,” ते म्हणाले, आणि हात पुढे केला. “किल्ली.”

अक्कांनी पदराची गाठ सोडली. ती पटकन सुटेना. किल्ली टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, “उद्या येऊ ना मी, सर?”

सुधींद्र खाली मान घालून लिहीत राहिले.