विजेच्या भट्टीवरची नानखटाई

दुर्गाघाटच्या गल्लीतल्या बेकरीवाल्या काकू प्रत्येक नानखटाईवर अंगठा दाबतात आणि स्वतःशीच "हं" म्हणतात. थंडी पडली की शेजारपाजारचे लोक घरचं तूप, मैदा, साखर आणून देतात आणि काकू त्याची खटाई भाजून देतात. यंदा धुराने त्यांचा खोकला थांबेना, म्हणून त्यांनी लाकडाची भट्टी बंद करून विजेची आणली. पहिलीच खटाई कडक झाली.

समोरचे गुरुजी हसले, "काकू, ही खटाई की शाळिग्राम? जुनी भट्टी पेटवा, नाहीतर आम्ही तूप-मैद्याचे डबे चौकातल्या बेकरीत नेतो."

"वाया गेलेलं तूप माझ्या घरचं भरून देते, गुरुजी. भट्टी पेटणार नाही."

दुसऱ्या दिवशीही खटाई बिघडली. संध्याकाळी मी कॉलेजातून येताना पाहिलं, तर काकू जुन्या भट्टीचं तोंड विटा रचून बुजवत होत्या.

"काकू, आधी नवी तरी जमू द्या," मी चाचरत म्हटलं.

"ही उघडी असली की दिवसभर हिच्याकडेच बघते मी. मग नवी कधी जमायची, बेटा? ती वीट दे."

मला खात्री वाटत नव्हती. तरी पुस्तकांची पिशवी खाली ठेवली आणि वीट दिली.