गोळी न देणारे काका

विश्रांतवाडीच्या आमच्या औषधवाल्या काकांइतक्या तळमळीने गिऱ्हाईक परत पाठवणारा दुकानदार उभ्या पुण्यात झाला नसेल, आणि पुण्यात ही स्पर्धा काही साधी नाही. टॉनिक मागितलं की म्हणत, "त्यापेक्षा भाजी खा." झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली तरी आधी विचारत, "दिवसाला चहा किती?" लोक लाजत लाजत मागतात त्या वस्तू इतर दुकानांत वर्तमानपत्रात गुंडाळून मिळत, काका त्या उघड्याच हातात ठेवत. वर विचारत, "चोरीचा माल आहे का?" दबक्या आवाजातल्या प्रश्नाला त्यांचं उत्तर हमखास चढ्या आवाजात येई.

म्हणूनच लग्नाच्या तिसऱ्या वर्षी पुरुषी ताकदीची ती निळी गोळी आणायला मी बाइकवरून थेट हडपसर गाठलं. सॉफ्टवेअर कंपनीतल्या कामाने खचलो होतो, डॉक्टरांनी उदासीवर गोळी दिली होती आणि ती मी बायकोपासून लपवली होती. ती सुरू झाल्यापासून बायकोच्या जवळ जावंसंच वाटेना. हडपसरच्या दुकानात शिरलो, तर काउंटरमागे काका! मेहुणा गावी गेला म्हणून त्याचं दुकान सांभाळत होते. गोळी मागितली, पण चिठ्ठी माझ्याकडे नव्हती. "दुसरं कुठलं औषध घेताय?" त्यांनी विचारलं. मी उदासीवरच्या गोळीचं नाव पुटपुटलो.

"अहो, ही निळी गोळी रक्तवाहिन्या सैल करते, रक्त नीट पोचवते. बस्स! मनात काही असेल तरच तिचा उपयोग. इच्छा तयार होते डोक्यात, आणि तुमची ती दुसरी गोळी तिला तिथेच दाबत असेल. डॉक्टरांना सांगा, ते डोस बदलतील, नाहीतर गोळी. आपल्या मनाने बंद करू नका. आणि आजच बायकोला सांगा. त्याला चिठ्ठी लागत नाही."

मागचे तिघे कान देऊन ऐकत होते. मला आधी शरम वाटली, मग राग आला. डॉक्टरांकडे गेलो, गोळी बदललीही. पण बायकोला काही सांगितलं नाही, आमच्यात पडलेलं अंतर तसंच राहिलं आणि काकांच्या दुकानावरून जाणंही सोडलं. वर्षभरात बायको नोकरीसाठी बंगळुरूला गेली, ती परत आली नाही. घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या, त्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तिला सगळं सांगितलं. ती थांबली. "एवढंच होतं? अरे, मला वाटलं मी तुला नकोशी झाले."

आयुष्यात इतका पस्तावा मला कधी झाला नव्हता. तसाच काकांच्या दुकानात गेलो. काउंटरमागे काकू होत्या. काका जाऊन दोन महिने झाले होते.

"शेवटपर्यंत तुमचं विचारायचे हे," काकू म्हणाल्या. "'त्याने सांगितलं का गं बायकोला?' सांगितलंत ना?"

"सांगितलं," मी म्हणालो.

कधी, ते त्यांनी विचारलं नाही.