‘पाहा’ म्हणे, काय पाहू?

मंडळी, आज डोकं लय तापलंय.

आमची कंपनी मोबाईलवरून शेतातली मोटर चालू-बंद करायचं ॲप बनवते. मी कोरेगावात घरी बसून त्याचं माहितीपुस्तक लिहिते. सकाळी आटपाडीहून एका तात्यांचा फोन आला. "आवं ताई, मोटर उलटी फिरली तर पाहा, असं लिवलंय. पुढं कायच न्हाई. काय पाहू?"

मी फाइल उघडली. एका भागातून दुसऱ्या भागाकडं नेणाऱ्या सगळ्या लिंक, त्या भागांच्या नावांसकट, गायब. सहकाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "लिंक चुकीच्या पद्धतीनं लिहिल्या होत्या, लाल एरर येत होते. काढूनच टाकल्या. आता एक पण एरर नाही बघ. आणि पुस्तक वाचतंय कोण?"

तात्या वाचतात. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणून वाचतात. ‘पाहा’च्या पुढचं पान गाळलंस म्हणून ते त्या झेरॉक्सवाल्याशी भांडूनही आले होते.

दिवसभर मी एकेक लिंक नीट लावत बसले. तात्यांना फोनवर उपाय सांगितला, आणि चूक आमची होती हेही सांगितलं. ते तसेच उठून झेरॉक्सवाल्याची माफी मागून आले.

आमच्या ऑफिसात माफी मागायला अजून कोणी जागचं हललेलं नाही. तुमच्याकडं हलतं का कोण?