हरलेल्या सामन्यांचे बूट

लोणावळ्याच्या त्या कॉलेजच्या मेसमध्ये भाकरी थापणाऱ्या मावशी नसत्या, तर आज मी कुठे असतो, हा विचारही नको वाटतो. डोंगरावरच्या वाडीतून त्या रोज पायी खाली यायच्या. त्यांचं आधी सांगितलं, आता बाकीचं.

मी मिरजेचा, मुसलमान घरातला. नववीत शाळा सोडली आणि त्या मेसमध्ये ताटं धुवायला लागलो. झोपायलाही तिथेच, धान्याच्या पोत्यांच्या खोलीत. गावाकडे फुटबॉल बराच खेळलो होतो. कॉलेजांच्या त्या स्पर्धेत प्रत्येक संघाला आपल्या कर्मचाऱ्यांपैकी एक जण खेळवता यायचा. शेजारच्या देशाशी लढाई सुरू झाली तसा आमचा गोलकीपर घरी धावला. त्याचं गाव सरहद्दीजवळ, तिकडे तोफगोळे पडत होते. त्याचे हातमोजे माझ्याकडे आले.

आम्ही हरतच गेलो. बचाव आधीपासूनच ढिसाळ होता, पण चेंडू शेवटी माझ्या पाठीमागे जाळ्यात पडायचा. मेसमधल्या टीव्हीवर दिवसभर लढाई चालू असायची आणि पोरं तिथलेच शब्द मैदानावर आणायची. गोल झाला की कडेला बसलेले तोंडाने भोंगा वाजवायचे. एअर डिफेन्स झोपलंय म्हणायचे. संघाची एक जुनी रीत होती, ज्याच्या चुकीने हरलो त्याने सगळ्यांचे बूट धुवायचे. पूर्वी पाळी फिरायची म्हणे. माझ्या वेळी ती माझ्यापाशीच थांबली. धुतलेले बूट मी भाकरीच्या चुलीमागे वाळत ठेवायचो. मावशी कुरकुरायच्या, पण हलवायच्या नाहीत.

तळेगावच्या सामन्यात अगदी शेवटी समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. मी डावीकडे झेपावलो, चेंडू उजवीकडून गेला. आमचा कॅप्टन सावकाश चालत माझ्यापाशी आला. चिडलेला नव्हता, तेच वाईट. सगळ्यांदेखत म्हणाला, "खरं सांग, तू नक्की कुणाकडून खेळतोस?"

हशा पिकला. मीही हसलो. दुसरं काय करणार, झोपायला परत तिथेच जायचं होतं. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. इकडे मी त्यांचे बूट धुवेपर्यंत ते हॉस्टेलभर फिरलं.

सकाळी मेसचा ठेकेदार म्हणाला, वातावरण बरं नाही, तू पिशवी भर. एखादी थप्पड चालली असती मला. ती खोली गेली तर जायला जागा नव्हती, आणि घरी आईला नोकरी पक्की आहे असं सांगून बसलो होतो.

दुपारी पोरं जेवायला बसली. मावशींनी कॅप्टनला भाकरी वाढली नाही. चुलीमागून त्याचे बूट आणले आणि ताटाशेजारी ठेवले.

"ह्ये त्यानं धुतल्यात. तू कुनाकडनं खेळतो ते सांग आदी."

"मावशी, मस्करी होती. तोपण हसला की."

"हसला म्हून मस्करी व्हय? ठेकेदार वरडला का मी बी हसते."

ठेकेदार दारातच उभा होता. उद्यापासून तुम्हीही येऊ नका, एवढंच बोलला. दुसऱ्या दिवशी खंडाळ्याहून नवी बाई आली. पोरांनी तिच्या भाकऱ्या खाल्ल्या.

मावशींनी मला वाडीवर नेलं. घरात पाय पसरायला जागा नव्हती, तरी माझं अंथरूण पडलं. जावई खंडाळ्याच्या एका हॉटेलात ड्रायव्हर होता. त्याला गळ घालून त्यांनी मला तिथल्या किचनमध्ये लावलं. तिथूनच पुढे मी इथे आलो, आखातात.

जुना गोलकीपर परत आला असं नंतर कळलं. त्याला घेऊनही संघ उरलेले सामने हरला. त्याला कुणी काही विचारलं नाही.

इथे किचनमध्ये कुणी मोठ्याने हसलं की अजून मी आधी दाराकडे बघतो. मावशी हल्ली रस्त्याच्या कडेला पर्यटकांना कणसं भाजून विकतात, कुणी ऊठ म्हणालं की शेगडी उचलून पुढे सरकतात. मी परत येईन तेव्हा लोणावळ्यात त्यांना छपराखालची एक टपरी घेऊन देईन, त्यांच्या स्वतःच्या नावावर. तिथे त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणणारं कुणी नसेल. आलो की सगळ्यात आधी तेवढं करीन.